न्यू जर्सीत गांजाच्या डिस्पेन्सरीत अकाउंट्सची नोकरी : सिटिझनशिपला अडचण येईल का?

नमस्कार मंडळी,

माझ्या भाच्यासाठी (नणंदेचा मुलगा) विचारते आहे. त्याच्याकडे ग्रीनकार्ड आहे, पुढच्या वर्षी एन-400 (सिटिझनशिपचा अर्ज) भरायचा आहे. बरेच महिने घरी बसून होता. आता जवळच्याच गांजाच्या डिस्पेन्सरीत (परवानाधारक दुकानात) अकाउंट्सची नोकरी चालून आली आहे आणि सोमवारपर्यंत होकार कळवायचा आहे.

त्याचं म्हणणं, "मामी, दुकानाला स्टेटचं लायसन आहे, टॅक्स भरतात, मला पगारही रीतसर डब्ल्यू-टूवर (पगाराच्या टॅक्स फॉर्मवर) मिळणार. मालाला मी हातसुद्धा लावणार नाही." यात खोटं काहीच नाही. इथे 2020 मध्ये लोकांनीच मतदान करून परवानगी दिली, एप्रिल 2022 पासून राजरोस विक्री चालू आहे.

पण सिटिझनशिप काही स्टेट देत नाही! यूएससीआयएसने (सिटिझनशिपचे अर्ज बघणाऱ्या फेडरल खात्याने) एप्रिल 2019 मध्ये धोरण काढलं, त्यात या धंद्यातल्या नोकरीचा थेट उल्लेख आहे. स्टेटमध्ये कायदेशीर असली तरी फेडरल कायद्याने तो गुन्हा धरून 'गुड मॉरल कॅरेक्टर'च्या (चांगल्या वर्तणुकीच्या अटीच्या) मुद्द्यावर अर्ज नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी अटक किंवा शिक्षा झालेली असलीच पाहिजे असंही नाही. सुप्रीम कोर्टाने तर 2005 मध्येच, रेच खटल्यात, राज्याच्या परवानगीने औषधासाठी घरी लावलेल्या गांजावरही फेडरल बंदी चालते असं सांगितलं.

एन-400 मध्ये मागच्या 5 वर्षांतल्या सगळ्या नोकऱ्या लिहाव्या लागतात. म्हणजे दुकानाचं नाव तो स्वतःच्या हाताने लिहून देणार, आणि लपवलं तर खोटी माहिती दिल्याचा ठपका. इथे जन्मलेल्या त्याच्या मित्रांना हा प्रश्नच येत नाही, म्हणून "काही होत नाही रे" म्हणणं त्यांना सोपं जातं. याचा मला फार राग येतो.

विचारायचं ते असं. नुसते हिशेब लिहिणाऱ्यालाही हे लागू होतं का? काही महिने काम करून सोडलं, तर सोडल्या तारखेपासून पुन्हा 5 वर्षं थांबायचं का? डिस्पेन्सरी ज्यांची गिऱ्हाईक आहे अशा सीपीए (अकाउंटंटच्या) फर्ममध्ये काम केलं तर? आणि डिसेंबरात तो पुण्याला जाणार आहे, परत येताना विमानतळावर नोकरीबद्दल विचारलं तर ग्रीनकार्डालाच धक्का लागू शकतो का?

कुणी प्रत्यक्ष या इंटरव्ह्यूतून गेलं असेल तर कृपया लिहा. अशा केसेस हाताळलेला इमिग्रेशन वकील माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सोमवारच्या आत त्याला गाठ घालून द्यायची आहे.