टेक्सासमध्ये घरासाठी आणि सोबत बाळगायला पिस्तूल : कोणतं घ्यावं?

औषधवाली_केटी

नमस्कार. आम्ही ह्यूस्टनजवळ केटीत राहतो. मी फार्मसिस्ट आहे. आठवड्यातले तीन-चार दिवस दुकान बंद करून गाडीपर्यंत पोचायला रात्रीचे दहा वाजतात. नवरा ऑफशोअरवर असतो, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. मुलगा चौदाचा, मुलगी नऊची. मागच्या महिन्यात आमच्याच गल्लीत भरदुपारी एक घर फोडलं. तेव्हापासून नवरा कामावर गेला की मला नीट झोप लागत नाही.

घर दुमजली आहे. आमची खोली खाली, मुलांच्या वर. आम्हा दोघांकडे ग्रीनकार्ड आहे. नोव्हेंबरात सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतायत. सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, त्यामुळे नवऱ्याला वाटतं की तेच मला शिकवतील.

दुकानात गेले तर तिथल्या माणसाने लगेच छोटंसं हलकं रिव्हॉल्व्हर हातात ठेवलं, बायका हेच नेतात म्हणाला. भावाचा मित्र म्हणतो ग्लॉक १९ शिवाय दुसरं बघूच नकोस. माझे हात लहान आहेत आणि ग्लॉकची स्लाइड, म्हणजे गोळी भरायला मागे ओढायचा वरचा भाग, मला पूर्ण मागे ओढता आली नाही. कामावर स्क्रब्ज, एरवी कुर्ता आणि लेगिंग्ज. शिवाय आता टेक्सासमध्ये परवाना लागतच नाही म्हणतात, मग वर्ग करायचा कशाला? ज्यांनी प्रत्यक्ष वापरलं आहे त्यांनी कृपया सांगा.


नेमबाज_काकू

मी सॅन अँटोनियोत राहते आणि परवान्याचे वर्ग घेते. तुमच्यासारख्या बऱ्याच जणी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पिस्तुलाआधी तिजोरी ठरवा. ते अंगावर नसेल तेव्हा कुठे असेल, याचं उत्तर तयार नसेल तर दुकानात परत जाऊ नका. पलंगाच्या चौकटीला किंवा कपाटाच्या तळाला बोल्टने आवळलेली छोटी तिजोरी घ्या. कुलूप यांत्रिक बटणांचं घ्या, अंधारात बोटांनी चाचपून उघडता येतं आणि बॅटरी लागत नाही. फिंगरप्रिंटवाल्यांवर माझा भरवसा नाही, आणि तुमचे हात तर दिवसभर सॅनिटायझरने कोरडे पडत असणार. आकडा मुलांच्या वाढदिवसाचा नको. टेक्सासच्या कायद्यात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर हलगर्जी करणाऱ्या मोठ्या माणसावर गुन्हा दाखल होतो, म्हणजे तुमची दोन्ही मुलं त्यात आली. चौदा वर्षांच्या मुलाला तुमच्या लपवायच्या सगळ्या जागा माहीत असतात, हे गृहीत धरूनच चाला.

आता पिस्तूल. ते रिव्हॉल्व्हर बहुधा स्मिथ अँड वेसनचं ६४२ किंवा त्याच्या जातीचं असेल. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास, गोळ्या पाच. नवशिक्या बाईला हे देतात याचा मला मनापासून राग येतो. चाप फार जड, ओढता ओढता नळीचं तोंड हलतं. नेम धरायची खूण बारीक. वजन कमी म्हणून झटका सगळा तळहातात बसतो. दहा गोळ्या झाडल्या की हात दुखतो, मग सराव होत नाही आणि पिस्तूल खणात पडून राहतं. ज्यांचा हात मुरलेला आहे त्यांच्यासाठी ते चांगलं हत्यार आहे. तुमचं हे पहिलं आहे.

ग्लॉक १९ उत्तम आहे, त्यात वाद नाही. नाइन एमएम मापाच्या पंधरा गोळ्या, दणकट, सुटे भाग कुठेही मिळतात. पण भरल्यावर पाऊण किलोच्या वर जातं, आणि लेगिंग्जवर ते टिकणार कशावर? हाताचं माप असं बघा: रिकामं पिस्तूल, रिकामं असल्याची स्वतः खात्री करून, सुरक्षित दिशेला धरा. नळी आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात एका रेषेत ठेवून पहिल्या बोटाचं पेर चापावर सहज पोचतं का? मूठ फिरवून घ्यावी लागत असेल तर ते माप तुमचं नाही.

स्लाइड ओढणं ही बरीचशी पद्धतीची गोष्ट आहे, फक्त ताकदीची नाही. पिस्तूल छातीजवळ घ्या, डाव्या हाताचा पंजा स्लाइडवर वरून घट्ट बसवा आणि डावा हात स्थिर ठेवून उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. बोट चापाबाहेर, नळी समोर. चिमटीत धरून मागे खेचत बसलात तर कुणालाच जड जातं. एवढं करूनही जमलं नाही तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी बघा, ते मुद्दाम सोप्या स्लाइडसाठीच काढलंय. आधी २०१८ मध्ये थ्री-एटी या कमी ताकदीच्या गोळीसाठी आलं, मग २०२० मध्ये नाइन एमएमसाठी. थ्री-एटीचा झटका सौम्य असतो. वापरलेलं नाइन एमएम ईझी मिळालं तर नंबर कंपनीकडे तपासून घ्या, कारण २०२० मध्ये बनलेल्या काहींचे हॅमर (घोडा) बदलण्यासाठी कंपनीने परत बोलावले होते. सिगचं पी-३६५ आणि ग्लॉकचं ४३-एक्स हे सडपातळ पर्याय. कपड्यांत दोन्ही छान लपतात, पण लहान पिस्तुलाचा झटका मोठ्यापेक्षा जास्त जाणवतो हे लक्षात ठेवा.

माझं मत विचाराल तर: नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने पिस्तुलं मिळतात. ईझी, पी-३६५ आणि ग्लॉक १९ एकाच दिवशी चालवून बघा. ज्याने सात यार्डांवर तुमच्या गोळ्या एका ठिकाणी बसतील आणि शेवटच्या गोळीपर्यंत हात थरथरणार नाही, ते घ्या. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही. घरी येऊन मुलांना जवळ घेण्याआधी साबणाने हात धुवा आणि कपडे बदला, कारण रेंजवरच्या धुरात शिसं असतं.

होल्स्टरवर, म्हणजे पिस्तूल अंगावर ठेवायच्या म्यानावर, पैसे वाचवू नका. चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर हवं, आणि ते पट्ट्याला घट्ट बसायला हवं. लेगिंग्जवर पोटपट्टा चालतो, पण चापावर कडक आवरण असेल तरच. मऊ कापडाचा नको. पर्समध्ये मात्र अजिबात नको. पर्स ओढली जाते, खाली ठेवली जाते, आणि तुमची नऊ वर्षांची मुलगी त्यात च्युइंगगम शोधते.

परवान्याबद्दल. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या पात्र व्यक्तीला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते, हे खरं आहे. पण केंद्राचा शाळांच्या परिसराचा कायदा वेगळा. शाळेपासून हजार फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल घेऊन जायची सूट त्या राज्याचा परवाना असणाऱ्याला आहे, विनापरवाना बाळगणाऱ्याला नाही. केटीत मुलांना सोडायला, आणायला जाताना ते हजार फूट कसे टाळणार? वर्ग चार ते सहा तासांचा, लेखी परीक्षा, मग तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्या. सरकारी फी ४० डॉलर. तो कराच.

परवाना असला तरी शाळेच्या इमारतीत नेता येत नाही, आणि ही गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षात राहत नाही. अनेक मंडळांचा गणपती आणि दिवाळीचा कार्यक्रम हायस्कूलच्या सभागृहात असतो. तिथे कमरेला पिस्तूल घेऊन आरतीला उभं राहणं हा टेक्सासमध्ये फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे, दोन ते दहा वर्षांची शिक्षा. तुमचं तर ग्रीनकार्ड आहे. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या ग्रीनकार्डवाल्याला देशाबाहेर काढता येतं. तुमच्यासाठी कुठे न्यायचं नाही याची यादी पाठ असणं हे कोणतं मॉडेल घेतलं त्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

आणि सासरेबुवा. ते व्हिजिटर व्हिसावर येणार ना? मग त्यांना पिस्तूल हातात घेता येणार नाही, गोळ्याही नाही, रेंजवरसुद्धा नाही. केंद्राचा कायदा नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई करतो. इथल्या एखाद्या राज्याचा शिकारीचा परवाना असेल तर अपवाद आहे, पण पाहुण्यांसाठी त्या भानगडीत पडू नका. सुभेदारसाहेबांना हे विमानात बसण्याआधीच आदराने सांगा, म्हणजे इथे येऊन त्यांचा विरस होणार नाही. तिजोरीचा आकडाही त्यांना देऊ नका.


रात्रपाळी_डॉक्टर

काकूंनी सगळं नीट सांगितलंय. मी इमर्जन्सीत काम करतो, म्हणून एवढंच जोडतो.

अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. चोर घरात शिरेल का, याचा विचार सगळे करतात. घरातलं कुणी वाईट काळातून जाईल का, याचा करत नाहीत. औषधाच्या गोळ्या खाऊन जीव द्यायला निघालेल्या मुलांना आम्ही बहुतेक वेळा वाचवतो, बंदुकीने प्रयत्न केलेल्यांना वाचवायची संधी फार क्वचित मिळते. त्या वयात आवेग काही मिनिटांचा असतो आणि त्या मिनिटांत तिजोरी उघडता आली नाही तर तो ओसरतो. मुलगा उदास असेल, शाळेत काही झालं असेल, किंवा तुम्हा नवराबायकोपैकी कुणाची मनःस्थिती बिघडली असेल, तर पिस्तूल त्या काळापुरतं घराबाहेर हलवा. ९८८ हा मानसिक संकटात मदतीचा नंबर फोनमध्ये ठेवा.

आणि आधी दार बघा. कुलपाची पट्टी चौकटीला ज्या स्क्रूंनी बसवलेली असते ते बऱ्याच घरांत जेमतेम इंचभराचे असतात. तीन इंची स्क्रू घालून पट्टी आतल्या लाकडात बसवा. अर्ध्या तासाचं काम आहे. मोशनवर लागणारे दिवे, अलार्म. हे सगळं आधी करा, मग पिस्तुलाचा विचार करा.


औषधवाली_केटी

दोघांचे खूप आभार. मुलाबद्दलचं वाचून मी बराच वेळ गप्प बसले. नवऱ्याशी बोलले, तिजोरी आणि स्क्रू दोन्ही या आठवड्यात होतील. पिस्तूल वर्ग झाल्यावरच घेणार.

दोन शंका. रात्री खाली आवाज आला तर नेमकं काय करायचं? मुलं वर आणि मी खाली, हेच डोक्यात घोळतं. आणि मे महिन्यात सासू-सासऱ्यांना सोडायला आम्ही सगळेच साताऱ्याला जाणार आहोत, तेव्हा ते तिजोरीत ठेवून जायचं का?


नेमबाज_काकू

आधी घराचा नकाशा कागदावर काढा. टेक्सासची घरं बाहेरून विटांची दिसतात, आतल्या भिंती नुसत्या शीटरॉकच्या, म्हणजे पातळ जिप्सम पाट्यांच्या. नाइन एमएमची गोळी अशा भिंती सहज पार करते. तुम्ही जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून वर नेम धरला तर मागे मुलांच्या खोल्या आहेत. म्हणून कुठे उभं राहायचं आणि कुठल्या दिशेला गोळी झाडायचीच नाही, हे दिवसाउजेडी, पिस्तूल तिजोरीत असताना ठरवा. माझ्या मते तुम्ही वर मुलांकडे जावं, त्यांना एका खोलीत घ्यावं, दार लावून ९११ ला फोन करून लाइन चालू ठेवावी आणि जिन्याच्या वरच्या टोकावर लक्ष ठेवावं. घर धुंडाळत खाली फिरू नका. टीव्ही नेला तर नेऊ दे. पोलीस आल्यावर पिस्तूल हातात नको.

हातात वेगळी टॉर्च हवीच. समोर कोण आहे हे डोळ्यांनी ओळखल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये. चौदाचा मुलगा दोन वर्षांनी गाडी चालवायला लागेल आणि मध्यरात्री चोरपावलांनी घरात येईल. घरच्यांमध्ये एक शब्द ठरवून ठेवा, हाक मारली की त्याने तो म्हणायचा. घरासाठी गोळ्या होलो पॉइंट घ्या, त्या शरीरात पसरून थांबण्यासाठी बनवलेल्या असतात, पण भिंत त्यांनीही भेदली जाते. सरावाला साध्या चालतील.

महिनाभर घर रिकामं असेल तर छोटी तिजोरी पुरत नाही, चोर पलंगासकट ती उचकटतात. ओळखीच्या, परवानाधारक माणसाच्या मोठ्या तिजोरीत ठेवा. तो नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला असावा.

आणि साताऱ्याची बॅग वेगळी ठेवा. रेंजला नेलेली बॅग भारतात कधीही नेऊ नका. अस्तरात अडकलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर एक्सरेत दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. जाणूनबुजून आणलं नव्हतं हे पटवून प्रकरण मिटवता येतं, पण त्यासाठी वकील, तारखा आणि सुट्टी सगळं जातं. जॅकेटचे खिसेही उलटे करून बघा.


प्लेनोकर

काकू, मी एच-वन-बी वर आहे, बायको एच-फोर. आम्हाला घेता येईल का? मित्र म्हणतो, शिकारीचा परवाना ऑनलाइन काढला की झालं.


नेमबाज_काकू

तुमचे दोन्ही व्हिसा नॉन-इमिग्रंटच, म्हणून मनाई तुम्हालाही आहे. शिकारीच्या परवान्याचा अपवाद कायद्यात आहे, मित्र खोटं बोलत नाही. परवाना चालू असावा लागतो, त्याची मुदत संपली की घरात पडलेलं पिस्तूल आणि गोळ्या त्याच क्षणी बेकायदा होतात. बायकोचा परवाना नसेल तर तिच्या हाती लागेल असं ते ठेवता येत नाही. खरेदीच्या फॉर्म ४४७३ वर व्हिसाबद्दल सरळ प्रश्न आहे आणि तिथे खोटं उत्तर हा वेगळा गुन्हा. तुमच्यासाठी मित्राने स्वतःच्या नावाने विकत घेऊन देणं हासुद्धा गुन्हा. तुमचं ग्रीनकार्ड रांगेत असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाकडे एक तास घाला, आणि तोपर्यंत दार, दिवे, अलार्म यांवर खर्च करा. वर्गाला यायचं असेल तर कायद्याच्या भागाला बसा, रेंजवर मी तुम्हाला पिस्तूल देणार नाही.