‘की समिट’ की ‘लेक गन’?

देशपांडे काका (ए-४०३): नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही दोघं मुलाकडे न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चला चाललोय. त्याने चार दिवस फिऑर्डलँड नॅशनल पार्कसाठी काढलेत. मिलफर्ड साउंडची बोट ठरली आहे, पण मला नुसतं बोटीत बसून परत यायचं नाही. चालायला सोपे ट्रेल कुठले? हिचा उजवा गुडघा तुम्हाला माहीतच आहे, लिफ्ट बंद पडली की अख्ख्या विंगला कळतं.

जोशी काकू (सी-२०१): अहो काका, फिऑर्ड म्हणजे खाडीच ना? मग दाभोळला जा की, मासेही मिळतील 😄

वृंदा (बी-१०२): काकू, मासे मान्य, पण खाडी वेगळी. आपल्या खाड्या नदीच्या मुखाशी, समुद्र आत शिरून झालेल्या. फिऑर्ड हिमनदीने डोंगर कोरून केलेला असतो, म्हणून कडे थेट पाण्यातून सरळ वर जातात. गंमत म्हणजे ‘साउंड’ हे नाव खरं तर खाडीसारख्या जागेलाच शोभतं. मिलफर्डला चुकून दिलं आणि ते चिकटलं.

काका, आम्ही गेल्या वर्षी जानेवारीत गेलो होतो, सोबत सासूबाई, वय ७१. जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा.

मुक्काम ‘ते आनाऊ’ या गावातच करा. क्वीन्सटाउनहून एका दिवसात मिलफर्ड करणारे खूप असतात. जाऊन-येऊन पावणेसहाशे किलोमीटर, आठ तास गाडीत. मग चालणार कधी? ते आनाऊहून मिलफर्ड साधारण १२० किलोमीटर, आणि तुमच्या कामाचे बहुतेक ट्रेल याच रस्त्याच्या कडेला आहेत. गाडी लावायची, चालायचं, परत बसायचं.

समीर (सी-६०१): काका, ‘लेक मॅरियन’ तळं! तीन तास जाऊन-येऊन. फोटो बघा, वेड लागेल. रीलमध्ये सगळे ‘ईझी’च म्हणतात.

वृंदा: समीर, तू जा. काकांना पाठवू नकोस. सुरुवातीचा झुलता पूल आणि पुढे धबधब्यालगत कड्याला टेकवून बांधलेला लाकडी मार्ग, एवढंच सोपं. गाडीपासून दहा मिनिटं. तिथून पुढे तळ्यापर्यंत चढ, ओली मुळं, दगड. तिथे त्याला वॉक नाही म्हणत, ‘ट्रॅम्पिंग ट्रॅक’ म्हणतात. काका, हा शब्द लक्षात ठेवा. डॉकच्या (त्यांचं संवर्धन खातं) पाटीवर ‘शॉर्ट वॉक’ दिसलं तर काकूंना खुशाल न्या. ‘ट्रॅम्पिंग’ दिसलं तर फोटो काढा आणि गाडीत बसा. रीलवाल्यांचं वय चोविस असतं.

समीर: 🙏 मान्य. माझं पंचवीस.

देशपांडे काका: मग ‘की समिट’चा माथा? मुलगा म्हणतो तेच करू. मी अजून दर रविवारी सिंहगड चढतो.

वृंदा: तुम्हाला जमेल. द डिव्हाइड नावाच्या खिंडीतून निघायचं, ५३२ मीटर उंची. माथा ९१९ मीटर. म्हणजे चढ ३९०च्या आसपास, सिंहगडापेक्षा कमी. वाट रुंद, वळणावळणाची, जंगलातून. जाऊन-येऊन तीन तास. सकाळी लवकर पोचा, नाहीतर पार्किंग मिळत नाही.

वर पोचल्यावर झाडं संपतात आणि दलदलीतून एक छोटी फेरी आहे. तिथे वाकून बघा. शेवाळात लालसर, चिकट थेंबांची दवबिंदू वनस्पती असते, आपल्या कासच्या दवबिंदूच्याच कुळातली, किडे खाणारी. सासरे असते तर एवढ्यासाठी चढले असते. आणि या माथ्यावर पडलेलं पाणी तीन दिशांना जातं: हॉलिफर्ड नदीतून पश्चिमेला, क्लुथामधून पूर्वेला, वायाऊमधून दक्षिणेला. एका ढगाचं पाणी तीन किनाऱ्यांना.

पण काकूंना नेऊ नका. चढण्यात नाही, उतरण्यात गुडघा बोलतो.

सेक्रेटरी: सर्वांना सूचना. उद्या स. १० ते दु. ४ पाणी बंद. कृपया भरून ठेवावे. आणि ट्रिपच्या गप्पा ‘कट्टा’ ग्रुपवर कराव्यात ही नम्र विनंती.

जोशी काकू: कट्ट्यावर कोणी वाचत नाही हो. चालू द्या, वृंदा.

वृंदा: काकूंसाठी ‘लेक गन नेचर वॉक’. पाऊण तासाची गोल वाट, सपाट, व्हीलचेअरसुद्धा सोबत कोणी असेल तर जाते. पण मला विचाराल तर सगळ्या ट्रिपमधली हीच सर्वांत सुंदर. सिल्व्हर बीचची उंच झाडं, आणि बुंध्यांवर, पडलेल्या ओंडक्यांवर, दगडांवर, सगळीकडे शेवाळ. पाय ठेवला तर आवाजच येत नाही. सासूबाईंनी एका ओंडक्यावरच्या शेवाळात बोट खुपसलं, तर पूर्ण बोट आत गेलं. नंतर दिवसभर वास घेत होत्या, ‘पहिल्या पावसातल्या मातीसारखा’ म्हणून.

त्याच्या अलीकडे मिरर लेक्स. ती तर पाच-दहा मिनिटांची लाकडी पायवाट. तिथे एक पाटी मुद्दाम उलटी लावली आहे, पाण्यातल्या प्रतिबिंबात नाव सुलट दिसतं. वारा नसेल तरच. आम्हाला तिसऱ्या खेपेला दिसली.

ते आनाऊतच एक दिवस द्या. गावातून तळ्याच्या काठाने चालत निघालात की वाटेत पक्षी अभयारण्य लागतं. तिथे ताकाहे बघा. निळा-हिरवा, लाल चोचीचा, कोंबडीपेक्षा दांडगा, उडता न येणारा. नामशेष झाला असं सगळे धरून बसले होते, १९४८ मध्ये तळ्यापलीकडच्या मर्चिसन डोंगरांत पुन्हा सापडला. तिथून पुढे कंट्रोल गेट्स, जिथे तळ्याचं पाणी वायाऊ नदीत सोडतात. केप्लर ट्रॅक इथूनच सुरू होतो. पूर्ण ६० किलोमीटरचा आहे, घाबरू नका, तुम्ही फक्त ‘डॉक बे’ नावाच्या काठापर्यंत जायचं. अर्धा तास, सपाट, जंगलातून तळ्याच्या काठाने. काकूंनी पाणी बघत बसावं, काका हवे तर पुढे ब्रॉड बेपर्यंत जाऊन येतील.

देशपांडे काका: आणि पाऊस? मुलगा म्हणतो फेब्रुवारी उन्हाळा.

वृंदा: उन्हाळाच. पण मिलफर्डला वर्षाला साडेसहा मीटरच्या वर पाऊस. आपल्याकडे आंबोलीत सगळा चार महिन्यांत कोसळतो, तिथे बारा महिने वाटून येतो. छत्री नेऊ नका, वाऱ्यात उलटी होते. चांगला रेनकोट घ्या. आणि पाऊस लागला म्हणून हळहळू नका. कोरड्या दिवशी मिलफर्डला दोनच मोठे धबधबे असतात, पावसात सगळा कडा धबधब्यांनी भरून जातो. आम्ही हळहळलो ते कोरड्या दिवशी.

एक शास्त्राची गोष्ट काकांसाठी. हे पावसाचं पाणी जंगलातून चहासारखं तपकिरी होऊन येतं आणि खाऱ्या पाण्यावर थर धरून बसतं. त्यामुळे खाली उजेड कमी पोचतो, आणि एरवी खूप खोल राहणारं काळं प्रवाळ तिथे कमी खोलीवर वाढतं.

जोशी काकू: डास आहेत का ते सांग. माझा एकच प्रश्न असतो.

वृंदा: काकू, डास परवडले. सँडफ्लाय. आपल्या केमरांसारखी इवलीशी, पण चावली की आठवडाभर खाज. माओरी लोकांची गोष्ट अशी की, फिऑर्ड घडवून झाल्यावर ते इतके देखणे दिसले की माणसं इथेच ठाण मांडतील अशी भीती वाटली, म्हणून मृत्यूच्या देवीने ही माशी सोडली. चालत राहिलं की त्रास कमी, थांबलात की आल्याच. क्रीम मी तिथल्याच दुकानातून घेतलं. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, आणि मोजे पँटच्या वरून.

होमर टनेलपाशी किया पोपट दिसतील. गाडीचं रबर कुरतडतात. चकली दाखवूसुद्धा नका, खायला घालायची मनाई आहे. बोगदा मात्र बघण्यासारखा, १.२ किलोमीटर, आत सगळा उघडा खडक. १९३५ मध्ये कुदळ-फावड्याने खणायला घेतला, १९५४ मध्ये गाड्या सुरू झाल्या.

पेट्रोल ते आनाऊलाच भरा. पुढे बहुतेक रस्त्यावर मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे नकाशा आधी डाउनलोड करा आणि घरी सांगून निघा.

शेवटचं, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. सिंहगडाचे बूट नेणार असाल तर तळव्यातली माती टूथब्रशने काढा. विमानतळावर बूट ‘वापरलेले’ म्हणून डिक्लेअर करावे लागतात, माझे अधिकाऱ्याने उलटे करून खाचांमधून बघितले. खाण्याचंही तेच. लाडू असोत, लोणचं असो, फॉर्मवर लिहा. लिहिलं तर फार तर काढून घेतील. न लिहिता सापडलं तर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड.

देशपांडे काकू (ए-४०३): वृंदा, ह्यांच्या फोनवरून वाचलं सगळं. ठरलं. हे आणि मुलगा ‘की समिट’ला, मी आणि सूनबाई ‘लेक गन’ला. त्या दोघांना तीन तास लागतात ना? आम्ही दोन फेऱ्या मारू.

देशपांडे काका: म्हणजे गाडी कोणाकडे?

देशपांडे काकू: आमच्याकडे.

सेक्रेटरी: वृंदाताई, ते बूट धुवायचं असेल तर आजच उरका. उद्या १० ते ४ पाणी नाही.