चषकाला मन असेल, तर विजेता नाकारण्याचा हक्कही असावा का?

सूत्रधार :
इंदुरातील आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवासाठी मी एक एकांकिका लिहीत आहे. तीत हौशी खेळाडूंची टेनिस बॉल क्रिकेटची लीग आहे. काळ इ. स. २००० चा, पण जुन्या चित्रपटांनी कल्पिलेला, म्हणजे रुपेरी झगे, काचेच्या नळ्यांतून धावणारी वाहने आणि निर्णय देताना लुकलुकणारे पंचयंत्र. एक संघ खलनायकांचा, दुसरा विनोदी नटांचा. चषक मात्र सजीव असून त्याला दिसते, ऐकू येते आणि बोलताही येते. अंतिम सामन्यानंतर तो विजेत्या खलनायकांकडे जाण्यास साफ नकार देतो. मला हा नकार न्याय्य वाटतो, कारण ज्याला विचार करता येतो त्याला न विचारता कोणाच्याही हाती सोपवणे योग्य नव्हे. शिवाय खरे मानचिन्हही नेहमी विजेत्याकडे जातेच असे नाही. ऑस्ट्रेलियाने मालिका जिंकली, तरी ॲशेसचा, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेचा, मूळ रक्षाकलश लंडनच्या लॉर्ड्स मैदानाच्या संग्रहालयातच राहतो.

निवृत्त पंच :
रक्षाकलशाचे उदाहरण आपल्यावरच उलटते. तो नाजूक आहे आणि तो ज्यांना भेट मिळाला त्या इंग्लंडच्या कर्णधाराच्या, इव्हो ब्लाय यांच्या पत्नीने एमसीसीला, म्हणजे लॉर्ड्सच्या मालक क्लबला, दिलेला आहे, म्हणून तो तेथे असतो. खेळ पाहून त्याने कोणाची बाजू घेतलेली नाही. आपल्या इंदूरच्या होळकर संघाचेच पाहा. मार्च १९४५ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर, रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात, मुंबईने होळकरांसमोर ८६७ धावांचे लक्ष्य ठेवले. युद्धामुळे इंदूरजवळच्या महूच्या छावणीत असलेल्या इंग्लंडच्या डेनिस कॉम्प्टनने होळकरांकडून नाबाद २४९ धावा केल्या, मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके ठोकली, तरीही होळकर ३७४ धावांनी हरले. करंडकाला मन असते, तर तो त्या संध्याकाळी हट्टाने इंदूरच्या गाडीत बसला असता आणि आपण सर्वांनी टाळ्याही वाजवल्या असत्या. पण मग पुढच्याच हंगामात अंतिम सामन्यात बडोद्याला हरवून सी. के. नायडूंच्या याच होळकर संघाने तोच करंडक मिळवला, त्याला काय किंमत उरली असती?

नेपथ्य :
पंचसाहेबांचा हिशेब बिनचूक आहे, पण त्यातला करंडक मुका आहे. जाणीव असलेल्या चषकाला विजेते वर्षभर कपाटावर ठेवणार, चिंचेने घासणार, कोणी हौशी गडी त्यात सरबत ओतून पिणार. हे सारे त्याच्या संमतीविना का व्हावे? निकाल खेळाडूंचा आणि मुक्काम चषकाचा, अशी वाटणी केली तर दोन्ही प्रश्न सुटतात. तळाच्या पट्टीवर नाव विजेत्यांचे कोरावे, घर मात्र त्याने निवडावे.

निवृत्त पंच :
कोरायचे ते त्याच्या अंगावरच, तेव्हा त्याचीही संमती घ्यावी लागेल! मुक्कामाचा हक्क मला मान्य आहे. मात्र अट अशी, की नकार नाणेफेकीपूर्वी, दोन्ही कर्णधारांसमोर जाहीर व्हावा. शेवटचा चेंडू पडल्यानंतर दिलेला नकार हा हक्क नसून रुसवा आहे, आणि तो दर वर्षी कोणा ना कोणा जिंकलेल्या संघाच्या वाट्याला येईल.

सूत्रधार :
नियम म्हणून हे पटते, पण नाटकाला तो उशिराचा नकारच हवा आहे, त्यामुळे तो मी ठेवणार. ‘हा हक्क नसून रुसवा आहे’ हे वाक्य मात्र आपली परवानगी असल्यास खलनायकांच्या कर्णधाराच्या तोंडी घालतो. आतापर्यंत त्याला बोलण्यासारखे काहीच नव्हते.