घर उतरवताना निघालेली मोट, कुरी व जाते : संग्रहालयास देण्यापूर्वी काय करावे?

प्रश्न :
करवीर तालुक्यातील आमचे जुने घर या उन्हाळ्यात उतरवायचे असून माळ्यावर आजोबांची विहिरीतून पाणी ओढण्याची चामड्याची मोट, पेरणीची कुरी, पायली-शेराची मापे आणि आजीचे जाते निघाले आहे. भंगारवाला केवळ लोखंडाचे पैसे देतो आहे, परंतु मला या वस्तू कणेरी मठावरील संग्रहालयासारख्या ठिकाणी द्याव्याशा वाटतात. मोटेचे चामडे ताठर झाले आहे आणि कुरीखाली पिवळसर भुकटी पडते. काय करावे?

प्रतिसाद १ :
भंगारात कृपया काहीही घालू नका. भुकटी म्हणजे लाकडाला कीड लागली आहे, तेव्हा कुरी इतर लाकडापासून आजच वेगळी ठेवा. लोखंडी फणांचा गंज कोरड्या ब्रशने झाडा. रंग किंवा वार्निश मुळीच नको. मोट बळेच उलगडू नका, कारण जुने चामडे घडीवरच तडकते. तिला तेल न लावता सावलीत, हवेशीर जागी, जमिनीपासून उंच ठेवा. जात्याला टाकी लावून घेऊ नका, म्हणजे छिन्नीने त्याचे दगड पुन्हा खडबडीत करून घेऊ नका. झिजलेल्या पाळ्या हाच त्याच्या वापराचा पुरावा आहे.

प्रतिसाद २ :
कणेरीला बारा बलुतेदारांचा गाव सिमेंटच्या पुतळ्यांतून उभा केला आहे, तर पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात घरगुती वस्तूंचा मोठा संग्रह आहे. कोठेही देण्यापूर्वी त्यांना छायाचित्रे पाठवून विचारा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक भागाचे नाव आणि काम लिहून सोबत द्या. बैल धावेवरून (विहिरीलगतच्या उतारावरून) उतरत असताना नाडा (जाड दोर) मोट वर ओढतो, सोंदूर (बारीक दोर) तिची सोंड उचलून धरतो आणि काठाशी येताच सोंड थारोळ्यात (पाणी पडण्याच्या कुंडात) मोकळी होते, हे लिहिले नाही तर पाहणाऱ्याला मोट म्हणजे नुसती कातडी पिशवी वाटेल. पेरणीच्या अवजारासाठी इतरत्र वापरला जाणारा ‘तिफण’ हा शब्द न लिहिता आपल्याकडचा ‘कुरी’ हाच शब्द लिहा.

प्रश्नकर्ता :
आपल्या सूचनांनुसार कुरी वेगळी ठेवली आणि वही घेऊन चुलतीजवळ बसलो. चाड्याच्या (कुरीवरील बी सोडण्याच्या वाटीच्या) काठावर एका बाजूस बोटभर झीज आहे; शाळू पेरताना मनगट तेथेच टेकत असे आणि मूठ सैल पडली की ओळ दाट होई, असे त्यांनी रिकाम्या चाड्यावर मूठ धरून दाखवले. त्या मुठीचे छायाचित्र घेतले आहे. तेही वस्तूसोबत देईन.