गाडीवरचे पाण्याचे हट्टी डाग: आधी आम्ल की थेट पॉलिश?

सावलीतली गाडी

गडद रंगाच्या गाडीवर पांढरी वर्तुळं बसली आणि शाम्पूने धुऊनही जाईनात, की लगेच सल्ला मिळतो: ‘कंपाऊंड (रंगाचा वरचा थर घासून काढणारी खरबरीत पेस्ट) मारून मशीन फिरवा.’ हा सल्ला बहुतेक वेळा घाईचा असतो, असं माझं ठाम मत आहे. आधी आम्ल लावून बघावं, त्याने भागलं नाही तरच पॉलिशकडे वळावं.

पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात. जड पाण्यात ते मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे असतात. थेंब सुकताना क्षार कडेला गोळा होतात, म्हणून डाग कड्यासारखा दिसतो. नळाच्या तोटीवर चढतो तोच हा पांढरा थर. शाम्पू तेलकट मळ सोडवतो, या थराला तो हलवू शकत नाही. सौम्य आम्लात मात्र तो विरघळतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं. त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळायचं, मायक्रोफायबरचं फडकं त्यात भिजवून डागावर मिनिटभर ठेवायचं, न रगडता उचलायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. मग शाम्पू. गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला गार लागायला हवा, कारण आम्ल पत्र्यावर सुकलं तर नवाच डाग पडतो.

पॉलिश करताना डागाबरोबर क्लिअर कोटही, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थरही, उतरतो. हा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. उन्हातली अतिनील किरणं अडवणारी द्रव्यं त्यातच असतात. जे पाच मिनिटांत आम्लाने सुटतं, त्यासाठी हा थर का खर्च करायचा?

लखलखीत

असहमत. गाड्यांच्या रंगाचं काम हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे रोज जे बघतो ते लिहितो.

गाडी माझ्याकडे येते तेव्हा डाग ताजे नसतात. आठवडे न् आठवडे गाडी उन्हात तापलेली असते आणि क्षाराखाली क्लिअर कोटला खळगा पडलेला असतो. व्हिनेगरने पांढरेपणा जातो, पत्रा ओला असेपर्यंत सगळं स्वच्छ दिसतं आणि मालक खूश होतो. सुकल्यावर तिरप्या उजेडात बघा, तेच वर्तुळ जागच्या जागी असतं. मग माणूस दुसऱ्यांदा व्हिनेगर लावतो, तिसऱ्यांदा पाणी न मिसळता लावतो आणि शेवटी कुणीतरी संडास साफ करायचं ॲसिड सुचवतं. त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. क्रोमच्या पट्ट्या आणि दगड लागून उघडा पडलेला पत्रा त्याने खराब झालेला मी पाहिला आहे. ब्लीचशी त्याचा संबंध आला तर क्लोरीन वायू सुटतो, तो धोका वेगळाच.

शिवाय तुम्ही कंपाऊंड आणि पॉलिश एकाच मापाने मोजताय. खरबरीत कंपाऊंड आणि लोकरी पॅड काही मायक्रॉन नेतात, हे खरं. पण मऊ फोम पॅड, फिनिशिंग पॉलिश आणि ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड फिरवता फिरवता हलवतही राहणारं) असेल तर अगदी थोडा थर जातो. आधी हातभर जागेत करून बघायचं, उतरलं तर तेवढ्यावर थांबायचं. महिनाभर आम्लाचे प्रयोग करण्यापेक्षा एकदा नीट केलेलं पॉलिश रंगाला कमी त्रास देतं.

सावलीतली गाडी

महिनाभर प्रयोग करा असं मी कुठे म्हटलंय? एकदा, फार तर दोनदा. खाली खळगा आहे की नुसता क्षार, हे आम्ल लावल्याशिवाय तुम्हाला कळतं कसं? आम्ल हीच माझ्या मते पहिली चाचणी आहे. क्षार असेल तर निघेल, नसेल तर पुढे जाऊ. तुमच्या पद्धतीत नुसता क्षार असलेली गाडीही मशीनखाली जाते, आणि पॅडखाली ते कोरडे कण फिरले तर ओरखडे वेगळे.

लखलखीत

गाडी धुऊन पुसल्यावर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घाला आणि बोटं डागावरून हलकेच फिरवा. खरखर लागली तर वर काहीतरी बसलंय. गुळगुळीत लागूनही वर्तुळ दिसत असेल तर बहुधा खळगा आहे, तिथे जगातलं कुठलंही आम्ल लावा, खड्डा भरून येणार नाही. खरखर असलेल्या गाडीवर मी आधी आम्लच वापरतो, त्याबद्दल वाद नाही. वाद ‘प्रत्येक वेळी आधी आम्ल’ या आग्रहाबद्दल आहे.

आणि दारावर व्हिनेगर थांबत नाही, खाली ओघळतं. म्हणून उभ्या भागांसाठी दाट, जेलसारखं, डाग काढायचं तयार रिमूव्हर बरं.

क्षारसूत्र

दोघांच्याही बोलण्यात सिलिका राहून गेली. जमिनीखालच्या पाण्यात ती बऱ्याचदा विरघळलेली असते. थेंब सुकला की तिचा काचेसारखा थर उरतो, आणि व्हिनेगर किंवा लिंबाच्या सायट्रिक ॲसिडला तो दाद देत नाही. म्हणजे ‘आम्लाने गेलं नाही, अर्थात खळगाच’ हा निष्कर्षही पक्का नाही. सिलिका विरघळवणारी रसायनं फ्लोराईडची असतात. त्यातून हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होऊ शकतं, ते कातडीतून आत शिरतं आणि सुरुवातीला दुखतही नाही. घरी त्यांच्या वाटेला जाऊ नये, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. अशा थरावर आधी क्ले बार (पृष्ठभागावर चिकटलेलं उचलणारी मातीसारखी मऊ वडी) भरपूर वंगण घालून फिरवावा, उरलं तर लखलखीत म्हणतात तसं पॉलिश.

पावसाचे डाग आणखी निराळे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे स्वच्छ पावसाचाही पीएच (आम्लतेचं माप, ७ च्या खाली म्हणजे आम्लधर्मी) ५.६ च्या आसपास असतो, धुरातली गंधक आणि नायट्रोजनची ऑक्साइडं मिसळली की आणखी खाली जातो. पाणी उडत जातं तसं उरलेल्या थेंबातलं आम्ल तीव्र होत जातं आणि तापलेल्या पत्र्यावर ते क्लिअर कोटची वीण तोडतं. अशा डागात क्षार नाममात्र असतो, मग व्हिनेगर विरघळवणार काय?

जाता जाता एक गैरसमज: थेंब भिंगासारखं काम करून रंग जाळतो, हे खरं नाही. सपाट पत्र्यावर बसलेल्या थेंबाचा केंद्रबिंदू पत्र्याच्या खाली पडतो. नुकसान उष्णता आणि रसायन मिळून करतात.

निळी हॅचबॅक

मग रंगावर सिरॅमिक कोटिंगचा संरक्षक थर दिला की प्रश्नच मिटला ना? पाणी तर टिकतच नाही त्यावर.

लखलखीत

नाही हो. कोटिंग लावणं हे माझं काम असूनही सांगतो, ते डाग थांबवत नाही. पाणी गोल थेंब होऊन बसतं. गाडी चालती असेल तर थेंब पळतात, उभ्या गाडीवर ते जागीच सुकतात आणि वर्तुळं ठळक उमटतात. फायदा एवढाच की खळगा आधी कोटिंगला पडतो, रंगाला उशिरा. कोटिंग आहे म्हणून धुतलेली गाडी न पुसता उन्हात सोडणारे लोक बघितले की मला मनापासून वाईट वाटतं.

ओलं फडकं

तुम्ही सगळे डाग पडल्यानंतरचं भांडताय. पाण्याकडे बघा की! कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर कठीणपणा गेला की ते फारच जड पाणी. त्याने गाडी धुवायची असेल तर शेवटचं खळखळणं तरी आरओच्या किंवा डीआयनाइज्ड (क्षार काढून टाकलेल्या) पाण्याने करा आणि एकेक भाग धुऊन लगेच पुसत जा. सॉफ्टनरचं (जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं) पाणीही डाग पाडतं, कारण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतो, क्षार नाहीसे होत नाहीत. पण सोडियमचे क्षार ओल्या फडक्याने निघतात.

क्षारसूत्र

सहमत. फक्त टीडीएस मीटरवर विसंबू नका. ते विरघळलेले एकूण क्षार दाखवतं, त्यातला कठीणपणा किती ते सांगत नाही.

सावलीतली गाडी

पिशवीची चाचणी चांगली आहे, मी ती आम्लाच्या आधी ठेवेन. पण खरखर लागली तर आम्लच, आणि पॉलिश तिसऱ्या-चौथ्या पायरीवर. या क्रमावर मी ठाम आहे. लखलखीत, तुमच्याकडे थर मोजायचं यंत्र असेल. घरी मशीन फिरवणाऱ्या किती जणांकडे ते असतं?

लखलखीत

फार कमी जणांकडे. आणि ते यंत्रही रंगाची एकूण जाडी दाखवतं, क्लिअर कोट वेगळा मोजत नाही. नेहमीची यंत्रं प्लास्टिकच्या बंपरवर चालतच नाहीत. त्यामुळे बंपर, पत्र्याच्या कडा आणि पुन्हा रंगवलेल्या भागांवर घरी पॉलिश नको, हे मी मान्य करतो. बॉनेटच्या सपाट भागावर गुळगुळीत वर्तुळं दिसत असतील, तर मात्र माझं उत्तर बदलत नाही.

निळी हॅचबॅक

भावाच्या गाडीचा रंग मॅट, म्हणजे बिनचमकीचा, आहे. तिथे काय करायचं?

लखलखीत

पॉलिश अजिबात नको, क्ले बारही नको. घासलेला भाग चकचकीत होतो आणि मॅट परत येत नाही. मॅट रंगाला चालणारं सौम्य रिमूव्हर आधी लपलेल्या कोपऱ्यात लावून बघा. त्याने नाही गेलं तर तो भाग पुन्हा रंगवणं एवढंच उरतं.