मदत हवी आहे : आईच्या निद्रानाशावर फोनवरचा उपचार मराठीतून कसा करावा?

वाईची_लेक :

नमस्कार मंडळी,

आई ६४ वर्षांची, वाईजवळच्या गावात एकटी राहते. मी ठाण्यात. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि तिची झोप गेली ती गेलीच. तेव्हा पंधरा दिवसांसाठी म्हणून सुरू झालेली क्लोनाझेपॅमची गोळी अजून चालू आहे. गोळी घेऊनही रात्री दोनला टक्क जागी. सकाळी डोकं जड असतं, न्हाणीघरात दोनदा तोल गेला. डॉक्टरांना सांगितलं तर ‘चालू ठेवा’ म्हणाले आणि दोन मिनिटांत आम्ही बाहेर.

मग मी वाचायला लागले. सीबीटी-आय नावाची उपचारपद्धती आहे, झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलची धास्ती दोन्हींवर काम करणारी. जुन्या निद्रानाशात पहिला उपचार हाच, गोळी नंतर, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलं आहे. तो फोनवरूनही देता येतो. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर त्याची चाचणी घेतली (२०१७). झोप सुधारली, शिवाय मनातले संशयाचे विचारही कमी झाले. त्यात वापरलेला ‘स्लीपिओ’ हा कार्यक्रम २०२२ मध्ये कोणते उपचार वापरावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने गोळ्यांऐवजी द्यायला सुचवला. जर्मनीत २०२० पासून डॉक्टर अशी अ‍ॅप्स चिठ्ठीवर लिहून देतात आणि विमा पैसे भरतो.

हे वाचून मला रडूच आलं. उपाय आहे, खिशातल्या फोनमध्ये मावेल एवढा आहे, आणि माझ्या आईपर्यंत पोचत नाही. कारण ती इंग्रजी वाचत नाही.

म्हणून एक मोफत इंग्रजी अ‍ॅप माझ्याच फोनवर घेतलं. रोज सकाळी आठला आईला फोन करते, विचारते आणि तिची झोपेची नोंद भरते. बारा दिवस झाले. अडचणी इथे आहेत :

अ‍ॅप विचारतं, झोप लागायला किती मिनिटं लागली? आई सांगते, ‘शेजारच्यांचा टीव्ही बंद झाला तेव्हा जागी होते.’ किंवा ‘पहिली एसटी गेली ती ऐकली.’ याची मिनिटं मी अंदाजाने करते. त्याहून अवघड म्हणजे ती म्हणते, ‘डोळा लागला होता गं, पण झोप नाही.’ आता हे झोपेत धरू की जागेपणात? आईला मात्र त्या दोन गोष्टींतला फरक अगदी पक्का माहीत आहे.

बारा दिवसांचा हिशोब असा : साडेआठला अंथरुणावर, सहाला उठते, म्हणजे साडेनऊ तास. त्यात झोप सरासरी साडेपाच तास. आता अ‍ॅप म्हणतं, अंथरुणातला वेळच कमी करा. हे आईला सांगितलं तर ती घाबरली. ‘झोप येत नाही म्हणून उपचार घ्यायचा, आणि उपचार म्हणजे झोपायचंच नाही?’ जाग आली की अंथरुणातून उठून बसायचं, हेही आहे. घर जुनं, माजघराला उंच उंबरा, ती एकटी. मला भीती वाटते.

गोळी चालू असताना हे करावं का? घरातल्या मोठ्या माणसांबरोबर मराठीतून कुणी केलं आहे का? आणि व्हिडिओवर मराठीतून हे करणारं कुणी खात्रीचं आहे का?

शांत_संध्याकाळ :

ताई, मी चिकित्सा मानसशास्त्रात काम करते. आधी सर्वांत महत्त्वाचं : क्लोनाझेपॅम स्वतःहून एकदम बंद करू नका. झोप आणखी उडते, झटकेही येऊ शकतात. कमी करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. पण तोल जाणं ‘चालू ठेवा’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही. या वयात या गोळीने पडण्याचा धोका वाढतो. दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आई घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, पूर्वी कधी फिट आली होती का, हेही त्यांना सांगा. तसं काही असेल तर झोपेचे तास आवळण्याआधी त्याची तपासणी हवी.

गोळी चालू असतानाही सीबीटी-आय करता येते. फक्त अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली कधीच नको. तुमच्या आईंना मी सहा तासांपासून सुरुवात करायला सांगेन. अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी साधारण ८५ टक्के झोप व्हायला लागली की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची. आत्ता ते प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास आहे.

‘डोळा लागला’ हे झोपेतच धरा. निद्रानाशात हलकी झोप माणसाला जागेपणासारखी वाटते. मात्र आईंना खोडून काढू नका, वहीत त्यांचे शब्द तसेच लिहा. मिनिटं चुकली तरी चालतील, रोज एकाच पद्धतीने लिहिणं पुरतं.

आणखी एक. हे अ‍ॅपशिवायही होतं. इंग्लंडमध्ये ‘हॅबिट’ नावाची चाचणी झाली, २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. ६४२ रुग्ण, आणि हाच झोपेचा वेळ आवळण्याचा उपचार दवाखान्यातल्या साध्या परिचारिकांनी दिला. चार आठवडे, काही बोलणं समोरासमोर, काही फोनवर. फायदा झाला. अ‍ॅपवरच्या चाचण्यांत बरेच जण सगळी सत्रं पूर्ण करत नाहीत, हा मोठा प्रश्न असतो. तुम्ही बारा दिवस न चुकता फोन केला आहे. मला ते अ‍ॅपपेक्षा मोलाचं वाटतं.

कृष्णाकाठ :

माझ्या वडिलांबरोबर केलं आहे. फोन नाहीच, भिंतीवरची दिनदर्शिका आणि पेन्सिल. पहिला आठवडा फार वाईट गेला, ते चिडायचे, दिवसा पेंगायचे. तिसऱ्या आठवड्यात सलग चार तास झोपले.

उंबऱ्याचं म्हणाल तर उठून दुसऱ्या खोलीत जायची गरज नाही. पलंगाशेजारी खुर्ची, हाताशी मंद दिवा, बस्स. अंथरुणात तळमळत पडायचं नाही, एवढंच. आणि सहाच तास झोपायचं तर खरी अडचण रात्री दोनची नसते, नेहमीच्या साडेआठपासून नव्या वेळेपर्यंतची, म्हणजे साडेअकरापर्यंतची असते. ते तीन तास कसे काढायचे ते आईंबरोबर आधी ठरवा.

मध्यरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलतात.

वाईची_लेक :

दोघांचे मनापासून आभार. शांत_संध्याकाळ, तुमचा प्रतिसाद मी आईला फोनवर वाचून दाखवला. ‘डोळा लागला’ ही झोपच, हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे मी अगदीच जागी नसते तर.’

साताऱ्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ मिळाली आहे, मी रजा काढून जाते आहे. घोरण्याचं शेजारच्या काकूंना विचारलं. त्या अधूनमधून सोबतीला झोपतात, ‘घोरत नाही’ म्हणाल्या. डॉक्टरांनी हो म्हटलं की शुक्रवारपासून साडेअकरा ते साडेपाच. साडेपाचला पहिली एसटी जाते, त्यामुळे गजर नको म्हणाली. रात्रीच्या तीन तासांसाठी काकूंकडे वाती वळायला जाणार आहे, दहापर्यंत. त्यापुढच्या दीड तासाचं अजून काही सुचलेलं नाही. टीव्ही नको आहे. काय करता येईल, सुचवा.