कॅलिफोर्निया की टेक्सास: कंत्राटदाराच्या परवान्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. माझ्याकडे कॅलिफोर्नियाचा ‘बी’ वर्गाचा, म्हणजे सर्वसाधारण बांधकामाचा परवाना असून चार वर्षांचा अनुभव, परीक्षा आणि २५,००० डॉलरचा बाँड (ग्राहकांच्या संरक्षणासाठीची हमी) एवढे सोपस्कार पार पाडून तो मिळवला आहे. आता ऑस्टिनला स्थलांतराचा विचार आहे. मात्र टेक्सासमध्ये राज्यपातळीवर सर्वसाधारण कंत्राटदाराला परवानाच लागत नाही, तो लागतो वीज, वातानुकूलन आणि नळकामाला. इथे माझे ग्राहक आधी परवाना क्रमांक पडताळतात (माझा तर गाडीच्या दारावरच रंगवलेला आहे), मग तिथे दर पाडणाऱ्यांच्या गर्दीत नवख्याने विश्वास कशाच्या बळावर मिळवावा? दोन्हीकडे काम केलेल्यांनी शहराची नोंदणी, विमा आणि प्रत्यक्ष मिळणारे दर यांबाबत स्वानुभव कळवावा, ही विनंती.